खिशातलं

भट्टीला कपडे टाकण्याआधी
बाबा प्रत्येक खिसा उलटा करायचे.
तंबाखूचा चुरा झटकून टाकायचे.
बाकीचं ग्लुकोजच्या डब्यात:
पवनीचं तिकीट, एक मणी, अर्धी चिठ्ठी, चार आणे.
खिशातलं धुवायचं नसते, म्हणायचे,
ते गिऱ्हाईकाचं.
मालक आला की त्याच्या हातावर.

एक रोल तेवढा राहिला.
काळी डबी, राखाडी झाकण,
पाटबंधारेच्या कुळमेथे साहेबांच्या पँटमधला.
कपडे न्यायला शिपाई आला
तेव्हा बाबा घाटावर होते.
आठवड्यानं क्वार्टरला कुलूप.
बदली, सिरोंच्याला.

तेहेतीस वर्षं.
डब्याचं बूड गंजलं,
तलावावरच्या आमच्या दगडावर शेवाळ चढलं,
गावात वॉशिंग मशीन आल्या, आधी सरपंचाकडे,
मग ज्यांच्याकडे नळ नाही त्यांच्याकडेही.
बाबांचा एक मोतीबिंदू काढला, एक पिकतोय.
पोरं डबी खेळायला मागायची.
उघडू नका रे, बाबा म्हणायचे,
उजेड लागन त्याले.

या माघात मीच नेला साकोलीला.
रेकचंद कापगतेंच्या स्टुडिओत आता
आधारचे फोटो निघतात, कपांवर नवरानवरी छापतात.
त्यांनी डबी कानाशी नेऊन हलवली,
जसं काही आत कुणी बोलणार होतं.
"धुवून पायतो. रंग गेले असतीन.
काळंपांढरं निघन तं निघन,
नाई तं माह्यावर बोल नाई."
धुवून, म्हणाले.
मी वरठ्याची पोर, मला हसू आलं.

माळ्यावरून टाकी काढली, कोळिष्टकं पुसली,
पोराला म्हणाले, दाराला चादर लाव.
आत पाणी ओतल्याचा आवाज.
बाहेर मी बाकावर, हात मांडीवर,
आमच्या घरचं धुणं दुसऱ्या कुणाकडे
पहिल्यांदाच दिलेलं.

छत्तीसातले पाच निघाले.
एकात नुसतं धुकं. एकात बोट.
एकात कालव्याचं दार आणि त्यावर बगळा,
किंवा डाग.
एकात कुणी बाई, चेहऱ्याच्या जागी बुरशीचा फुलोरा.
पाचवा मात्र लख्ख:
डाकबंगल्याच्या पायऱ्यांवर सहा जण,
पुढे शेकोटी, गळ्यांत मफलर,
एकानं तर डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.
मधे साहेब. नुसत्या शर्टात,
दोन्ही बाह्या कोपरापर्यंत दुमडून.

बाबांनी फोटो अंगणात उन्हात नेला,
चांगल्या डोळ्याशी धरला.
माणसं नाही ओळखली.
शर्ट ओळखला.

मग बराच वेळ काही बोलले नाहीत.
शेजारची कोंबडी येऊन पायाशी टोचून गेली.

"डावी बाही जळली होती माह्यानं.
इस्त्रीतला कोळसा उडाला.
चवलीएवढा डाग, मनगटापाशी.
घडीत आत लपवला न् देऊन टाकला.
मले वाटे, त्याले दिसलाच नाई."

पुन्हा पाहिलं.
"थंडी होती नं त्या दिवशी?"
होती, मी म्हटलं. सगळ्यांना दिसतेय.

"मंग दुसरी काहून दुमडली असन त्यानं,"
बाबा म्हणाले, मला नाही, फोटोला,
आणि स्वतःची बाही उगाच खाली ओढली.

धुवायचे किती घेतले, विचारलं.
साडेतीनशे.
जास्त घेतले, म्हणाले, आणि बिब्बा मागितला.
आता कुठला बिब्बा घरात.
बॉलपेननंच त्यांनी फोटोच्या पाठीवर
साहेबांची खूण काढली:
दोन टिंबं, खाली आडवी रेघ.
हात थरथरला, खूण चुकली नाही.

डब्यात फोटो मावेना.
दुमडू का, मी विचारलं.
नको, म्हणाले.
घडी नको.